संपतचं पासिंग

आमच्या भागात नुसतं 'हंगाम' म्हटलं, की कुणी 'कसला?' असं विचारत नाही. हंगाम म्हणजे उसाचा. कारखान्याचं धुराडं पेटलं, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं डुलत निघाले, सकाळी दार उघडताच मळीचा तो आंबूस-गोड वास घरात शिरला, की हंगाम लागला. बाहेरगावच्या पाहुण्यांना हा वास सोसत नाही. ते नाकाला रुमाल लावून 'कसं राहता हो तुम्ही?' असं विचारतात. मला मात्र या वासानं भूक लागते. आणि का कोण जाणे, बास्केटबॉल आठवतो.

परवा मंडईतून येत होते. समोरच्या ट्रॉलीतून उसाची मोळी निसटली आणि रस्त्यावर पोरांची झुंबड उडाली. माझ्याबरोबरची शेजारीण म्हणाली, "झाला बाई एकदाचा हंगाम सुरू." माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, आता ट्रेनिंग ठरवायला पाहिजे." ती माझ्याकडे बघत राहिली. मी भाजीचे भाव काढले आणि विषय तिथेच मोडला. कुणाकुणाला आणि किती सांगत बसायचं?

नव्व्याण्णव साल उजाडायच्या जरा आधी मी सांगलीहून कराडजवळच्या एका गावात नांदायला आले. तोवरचं माझं आयुष्य हळदीच्या वासात आणि बास्केटबॉलच्या ग्राउंडवर गेलं होतं. ग्राउंड कसलं, शाळेमागचा सिमेंटचा चौकोन. त्याला भेगा होत्या आणि प्रत्येक भेग आम्हाला पाठ होती. चेंडू कुठल्या भेगेवर पडला की कुठे उडतो हे पाहुण्या संघाला ठाऊक नसायचं, म्हणून घरच्या मैदानावर आम्ही सहसा हरत नसू. संध्याकाळी तळवे काळेकुट्ट व्हायचे. आई म्हणायची, ह्या हातांना कोण मागणी घालणार?

मी उंच नव्हते. म्हणून माझ्याकडे चेंडू देण्याचं काम होतं. चेंडू घेऊन पुढे यायचं, मान वर ठेवायची, आणि जिच्या पुढ्यात वाट मोकळी आहे तिच्या हातात तो अलगद पोचवायचा. बास्केट दुसरीच करायची, टाळ्या तिलाच मिळायच्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. चेंडू हातातून सुटताना बोटांना जे कळतं, की हा आता बरोबर पोचणार, ते सुख टाळ्यांपेक्षा मोठं आहे असं मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

लग्न ठरलं तेव्हा मी खेळाच्या शिक्षणाची पदवी घेऊन दोन-चार शाळांत अर्ज टाकले होते. मुलगा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला, कराडात इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्याला त्याचं इंटरनेटचं दुकान. इंटरनेट तेव्हा आमच्याकडे इतकं नवं होतं, की दुकान कशाचं हे सांगताना माझ्या सासऱ्यांची पंचाईत व्हायची. ते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरचा ऊस सांभाळायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "कॉम्प्युटरचं हाय."

"विकतो व्हय?"

"न्हाई. बसायला देतो."

विचारणारा आणखी गोंधळायचा आणि चहा मागवायचा.

लग्नानंतरचे पहिले काही आठवडे आम्ही दोघं नवराबायको एकमेकांशी फार सभ्यपणे वागलो. 'जेवलात का?' आणि 'जेवलो' याच्यापुढे गाडी हलेना. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, उगाच कुणावर आवाज चढवत नव्हता, माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा न सांगता शिवून आणायचा. पण बोलायचं म्हटलं की एकच शब्द: 'बघू'. सिनेमाला जायचं? बघू. सांगलीला जाऊन येऊ? बघू. खोलीला पांढरा रंग द्यायचा की निळा? बघू. पुढे वर्षानुवर्षं संसार केल्यावर कळलं की त्यांच्या 'बघू'मध्ये नकार नसतो. तो शब्द म्हणजे त्यांनी स्वतःला टाकलेली खुर्ची असते, जरा टेकण्यासाठी. तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तेव्हा मी रोज चिडायचे आणि पोळपाटावर राग काढायचे.

त्यात नावाची गंमत. ह्यांचं नाव संपत. सासूबाईंना मी इकडच्या रिवाजाप्रमाणे आत्या म्हणत असे आणि सासऱ्यांना मामा. आत्यांच्या घरात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असा शिरस्ता होता. सांगलीतल्या माझ्या मैत्रिणी नवऱ्यांना खुशाल नावानं हाक मारत होत्या. मी मनात म्हटलं, नाही घेतलं तर काय बिघडतं, 'अहो' आहेच की. पण हे नाव किती अवघड जागेचं दुखणं आहे ते एक दिवस मी स्वयंपाकघरातून ओरडले तेव्हा कळलं.

"आत्या, तेल संपत आलंय!"

आत्या परसातून धावत आल्या. "अगं बया! नाव काय घेतीस? सरत आलंय म्हन की."

तेव्हापासून आमच्या घरात तेल सरायचं, पीठ सरायचं, महिना सरायचा. काहीही संपत नसे. आत्यांची स्वतःची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. मामांचं नाव हणमंत. म्हणून आत्या देवळातल्या देवाला जन्मभर फक्त मारुती म्हणत आल्या होत्या, आणि कुणी आरतीत दुसरं नाव घेतलं की त्या पदर तोंडावर धरायच्या.

हंगाम ऐन भरात असताना आत्यांनीच मला दुकानात धाडायला सुरुवात केली. "पोरीबी येत्यात म्हनं तिथं. तू बसत जा दुपारची. डबाबी गरम जाईल." मग मी माणसं खच्चून भरणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन, मांडीवर डबा सांभाळत कराडला जाऊ लागले. पुढे उसाच्या गाड्यांची रांग, ड्रायव्हरच्या शिव्या, उघड्या खिडकीतून येणारी थंडी आणि तोच मळीचा वास. डब्यात भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. दुकानात पोचले की हे हात धुऊन जेवायला बसायचे आणि मी गल्ल्यावर.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. प्लायवुडच्या कप्प्यांत कॉम्प्युटर, वर जरीच्या काठाची निळी आच्छादनं, आत्यांनी शिवलेली. लाईट गेली की बॅटरीचा डबा केविलवाणा किंचाळायचा आणि कॉलेजची पोरं जिवाच्या आकांतानं ईमेल पाठवायला धडपडायची. एखादं चित्र उघडायचं तर ते वरून खाली असं सावकाश उतरायचं, की कपाळ दिसल्यावर नाक दिसेपर्यंत ह्यांची अर्धी भाकरी व्हायची.

एका दुपारी ह्यांच्या कॉम्प्युटरवर मला बास्केटबॉल हा शब्द दिसला. मी वाकून बघितलं. हे एकदम लाजले, लपवायला गेले, आणि लपवता येईना तेव्हा सांगायला लागले.

परदेशात कुणीतरी एकानं तो खेळ बनवला होता. त्यात पडद्यावर चेंडू उडत नसे की माणसं पळत नसत. नुसती नावं आणि त्यांच्यापुढे शब्द. तुम्हाला एक संघ मिळायचा. ह्यांनी आपल्या संघाचं नाव ठेवलं होतं 'कृष्णा-कोयना'. दर आठवड्याला कुठल्यातरी दुसऱ्याच्या संघाशी सामना व्हायचा आणि त्याची हकिगत ओळीओळीनं वाचायला मिळायची. खेळाडू विकता-घेता यायचे. बाकी मालकानं दर आठवड्याला दोनच गोष्टी ठरवायच्या. कोण कुठल्या जागेवर खेळेल, आणि या आठवड्यात संघाला काय शिकवायचं. शूटिंग, पासिंग, बचाव, रिबाउंड अशी यादी होती. पण एका आठवड्यात एकच गोष्ट शिकवता यायची. दोन नाही.

हा नियम मला तिथल्या तिथे आवडला. माणसाला खरंच एका वेळी एकच गोष्ट शिकवता येते. मी नव्या घरात एका महिन्यात आत्यांच्या हातची आमटी, नऊवारीतल्या सासवांच्या पाया पडण्याचा क्रम, म्हशीचं नाव आणि 'न्हाई' हा उच्चार, असं सगळं एकदम शिकायला निघाले होते, आणि काहीच धड जमत नव्हतं.

"तुम्ही काय शिकवता?" मी विचारलं.

"शूटिंग."

"आणि मागच्या आठवड्यात?"

"शूटिंगच."

ह्यांनी जन्मात बास्केटबॉल हातात धरलेला नव्हता. चेंडू जाळ्यात पडला की गुण मिळतात एवढं ठाऊक, म्हणून सगळ्यांना शूटिंग. संघात सगळेच नवरदेव आणि वऱ्हाडात कुणीच नाही, अशी अवस्था झालेली. मी खेळाडूंची यादी वाचत खाली आले आणि एका नावापाशी मला हसू आवरेना. भारतातल्या संघांसाठी त्या परदेशी माणसानं कुठूनतरी आपल्याकडची नावं गोळा केली असावीत. आडनाव आमचं नव्हतं, पण पुढे स्पष्ट लिहिलं होतं: संपत जाधव. वय अठरा. उंचीनं संघात सगळ्यांत वर. रिबाउंड, म्हणजे बास्केटवरून उडालेला चेंडू झेलणं, झकास. आणि पासिंगपुढे त्या खेळातला सगळ्यांत खालचा शब्द. मी मनातल्या मनात त्याचं प्रगतिपुस्तकातलं भाषांतर केलं: असमाधानकारक.

"ह्याला विकणार आहे मी," हे म्हणाले.

"कुणाला?"

"ह्याला." नाव त्यांनीही घेतलं नाही.

"विकू नका," मी म्हटलं. आणि मग लग्नानंतरचं माझं पहिलं मोठं भाषण झालं. उंच पोरं मिळतात, पण चेंडू पोचवणारं उंच पोरगं मिळत नाही. हा चेंडू धरतो आणि उभा राहतो, त्याला बाजूचा माणूस दिसत नाही. दिसायला लागलं तर तुमचे सगळे शूटिंगवाले जागे होतील. मी त्यांच्या डब्यातल्या वांग्याच्या फोडी ताटात मांडून दाखवल्या, ही बास्केट, हा आपला उंच, हे कोपऱ्यातले दोघं. हे भाकरी हातात धरून ऐकत होते. असं मन लावून माझं कुणी ऐकतंय हे बघून मला फार बरं वाटलं, म्हणून मी वांगं गार होईपर्यंत बोलत राहिले.

अडचण एकच होती. त्या खेळाचा कायदा असा, की पासिंग शिकायचं तर सामन्यात गार्डच्या जागी खेळावं लागे, म्हणजे माझ्या जुन्या जागी. आणि एवढ्या थोराड पोराला गार्ड म्हणून उभं केलं तर समोरचा चपळ गडी त्याच्या काखेतून चेंडू पळवणार.

"हरू की आपण," हे म्हणाले.

"हरू."

"बघू."

"बघू नाही. आत्ता दाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात धोतराला पुसावा तसा पँटीला पुसला, आणि बटण दाबलं. पुढचा सामना आम्ही असा हरलो, की हकिगत वाचताना त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या आठवड्याला मी पुन्हा पासिंगच म्हटलं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, आमच्या ओळखीपाळखीची खरी सुरुवात त्या पराभवांपासून झाली. जिंकलो असतो तर 'छान' म्हणून मोकळे झालो असतो. हरल्यावर मात्र का हरलो यावर जीपमध्ये, बांधावर, दळण आणताना बोलायला मिळायचं. घरी बोलताना मी त्या पोराला 'जाधव' म्हणायचे, आत्या जवळ असल्या तर नुसतं 'तो'. दुकानात कुणी नसलं तरी जीभ अडायची. एकदा मात्र सामन्याच्या ओळी एकेक करून उतरत होत्या, आमचा उंच पोरगा चेंडू धरून उभा, कोपऱ्यातला गडी मोकळा, आणि मी भान विसरून ओरडले, "अरे दे ना, संपत!"

हे पलीकडच्या कप्प्यात एका पोराचा प्रिंटर लावत होते. तिथून दचकून म्हणाले, "काय देऊ?"

कॉलेजची पोरं खदाखदा हसली. मी पदर तोंडाला लावला, अगदी आत्यांसारखा. हे कानापर्यंत लाल झाले, पण त्या दिवशी जाताना त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि वाटेत कारण नसताना दोनदा हसले.

मामांना या भानगडीचा वास पेन्शनच्या दिवशी लागला. बँकेतून ते दुकानात टेकले, आम्ही दोघं पडद्याला नाक लावून कुजबुजत होतो ते त्यांनी बघितलं, आणि सगळं समजून घेतल्याशिवाय उठले नाहीत. पलटणीत त्यांनी बास्केटबॉल पाहिला होता. "आमच्याकडं पंजाबची पोरं खेळायची. झाडागत. आमी खालनं पळायचो." आमचा बेत ऐकून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी ही आडसाली लागण हाय म्हना. शेतात उभी लय दिस राहती, मान्सं हसत्यात, पर तोडीला आली की वजन भरतं." त्यांना आमचा बेत आपल्या उसाच्या हिशेबात बसवता आला, एवढ्यानंच तो त्यांना पटला. ह्यांना मात्र वडिलांनी बाजू घेतल्याचं केवढं अप्रूप वाटलं! तिथून पुढे घरी आल्या आल्या मामा अंगणातून विचारायचे, "काय म्हनतंय संपतचं पासिंग?"

हे वाक्य शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं ऐकलं. आमच्याकडे पासिंग म्हणजे आरटीओचं. तो कुंपणावरून वाकून म्हणाला, "गाडी घेतली का काय, हवालदार? कुठलं पासिंग? एमएच अकरा का सांगलीचं?"

मामांनी काय उत्तर द्यावं? "सांगलीचंच," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पुढे कितीतरी दिवस तो शेजारी आमची गाडी कधी येणार ते विचारत होता.

आत्यांचा घोटाळा याहून मोठा. एकदा मामा आणि हे ओट्यावर बसून गंभीरपणे बोलत होते. संपत ह्या हंगामात काही कामाचा न्हाई, म्हणाले मामा, पुढच्या हंगामाला बघायचं. जोर हाय अंगात, पर नीट वापरता येत न्हाई. आत्या आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि कुणाला काही न बोलता दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू वळायला घेतले. लेकाला सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू, वर म्हशीचं दूध. हे निमूटपणे खात राहिले, चार-आठ दिवसांत गाल वर आले. शेवटी मीच न राहवून खरं काय ते सांगितलं. आत्या आधी मामांवर चिडल्या. मग पोट धरून हसल्या. "मेल्यानु, दुसरं नाव नव्हतं व्हय तुमच्या खेळात?" त्यानंतर उरलेले लाडू आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले.

हे सगळं चाललं असताना एका दुपारी दुकानातला फोन वाजला. सांगलीहून माझा भाऊ बोलत होता. फोन ह्यांनीच घेतला, ऐकून घेतलं आणि मग माझ्या हातात दिला. साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत मी लग्नाआधी अर्ज केला होता, तिथून बोलावणं आलं होतं. खेळाच्या शिक्षिकेची जागा. जूनपासून यायचं, पण येणार की नाही हे होळीच्या आत कळवायचं. त्या शाळेला बास्केटबॉलचं मैदान होतं. मी एकदा तिथे सामना खेळले होते, गुळगुळीत, एकही भेग नसलेलं.

मी फोन ठेवला. ह्यांच्याकडे बघितलं. ते टेबलावरची धूळ बोटानं गोळा करत होते.

"जाऊ का?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

आता हे सांगायला हवं, की घरात कुणी राक्षस नव्हतं. मी थेट मामांपुढे जाऊन विचारलं असतं तर त्यांनी मला खाल्लं नसतं. माझ्या तोंडात जीभ होती आणि ती चांगली चालायची. पण सुनेनं रोज पहाटे साताऱ्याची एसटी धरायची, संध्याकाळी परतायचं, पोरींना घेऊन चड्डी-टीशर्टातल्या सामन्यांना गावोगाव जायचं, हे आमच्या वाडीत तोवर कुणी केलेलं नव्हतं. मामा नाही म्हणाले असते तर तो नकार कायमचा बसला असता. आणि खरं सांगायचं तर मला ह्यांनी बोलायला हवं होतं. मी त्या घरात मामांच्या भरवशावर आले नव्हते. ज्याच्यासाठी आले तो माझ्या बाजूनं एक वाक्य बोलतो की नाही, एवढंच मला बघायचं होतं. नोकरी हवीच होती, जीव तुटत होता तिच्यासाठी. पण हे वाक्य मला नोकरीइतकंच हवं होतं.

आठवडे जाऊ लागले. मी पुन्हा विषय काढला नाही. मानी होते मी, अजून आहे. हे रोज काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि पाणी पिऊन मिटायचे. ट्रेनिंग ठरवायची वेळ आली की विचारायचे, "या आठवड्याला काय?"

"पासिंग."

"अजून?"

"अजून."

मी हे कोणत्या सुरात म्हणत होते ते त्यांना कळत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी संसारात न विचारलेल्याच बऱ्या असतात. तोवर जाधवांच्या पोराच्या नावापुढचा शब्द एकेक पायरी चढत होता. असमाधानकारकचं कच्चं झालं, कच्च्याचं कामचलाऊ. आमचा संघ तळाला गेला होता. तिकडे शिवारात तोडी उरकत आल्या, पाचट पेटवल्याचा धूर संध्याकाळी रस्त्यावर उतरू लागला, आणि दुपारच्या जीपमध्ये खिडकी उघडी असली तरी घाम यायला लागला.

त्या खेळाचाही हंगाम असायचा, आणि तो त्याच सुमारास सरला. शेवटचा सामना आम्ही तिघांनी मिळून वाचला, मामा, हे आणि मी. आम्ही हरणार हे पहिल्या काही ओळींतच कळलं होतं. पण मध्येच एका ओळीत चेंडू आमच्या उंच पोराकडे आला. बास्केट समोर मोकळी. त्यानं स्वतः टाकला असता तरी चाललं असतं. पुढची ओळ उतरायला वेळ लागत होता. उतरली तेव्हा कळलं, त्यानं चेंडू कोपऱ्यात दिला होता, थेट मोकळ्या गड्याच्या हातात. आणि त्या शूटिंगवाल्यानं, ज्याला ह्यांनी महिनेच्या महिने फक्त शूटिंग शिकवलं होतं, नेम चुकवला.

मामांनी कपाळावर हात मारला. हे मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले होते. "दिला की त्यानं!" ते म्हणत होते. "बघितलंस? दिला की!"

पुढच्या काही वर्षांत तो खेळ बंद पडला. चालवणारा माणूस कंटाळला असेल किंवा म्हातारा झाला असेल. दुकानही पुढे मोबाईलचं झालं. मध्यंतरी ह्यांनी फोनवर त्या खेळाचं नाव टाकून शोधायचा प्रयत्न केला, काही मिळालं नाही. "कुठं असंल गं आपला जाधव?" म्हणाले. मी म्हटलं, पंचेचाळिशी गाठत आली असेल, गुडघे दुखत असतील. हे हसले, आणि मग त्यांनी फोनवर पुन्हा एकदा तेच नाव टाकून बघितलं. मामा आता नाहीत. आत्या आहेत, ऐकू कमी येतं, पण तेल सरत आलं की अजून त्यांनाच आधी कळतं.

तर त्या सामन्यानंतरची संध्याकाळ. होळी तोंडावर आली होती. मामा आणि हे जेवायला बसले होते, आत्या वाढत होत्या, मी चुलीपुढे भाकरी थापत होते. कालवणाचा वास होता. म्हैस गोठ्यात पाय आपटत होती. हे वडिलांना आबा म्हणत. त्यांनी घास घेतला, तो गिळला, पाणी प्यायले, आणि पुन्हा पाणी प्यायले.

"आबा, साताऱ्याच्या शाळेतनं हिला बोलावणं आलंय. खेळ शिकवायची जागा हाय."

माझा हात पिठातच थांबला.

"व्हय?" मामा म्हणाले. "कवा आलं?"

"झालं आता लय दिस."

"आन् तू काय म्हनतोस?"

चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. मी भाकरी तव्यावर टाकली आणि पाठमोरी राहूनच त्या शब्दाची वाट बघू लागले. मला तो येताना दिसत होता. त्यांच्या घशात अडकलेला, नेहमीचा, सोयीचा.

"मी सांगितलंय तिला," हे म्हणाले. "जा म्हणून. रोज एसटीनं जाऊन यील. पहाटंचं मी सोडीन स्टँडवर."

खोटं होतं. मला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

मामा माझ्याकडे वळले. आत्यांचा वाढायचा हात पातेल्यावर थांबला होता. "व्हय गं पोरी? ह्यानं सांगितलंय तुला?"

मी मागे वळून बघितलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. ताटात बघत होते, कान लाल, चमचाभर कालवण बोटानं उगाच इकडून तिकडे करत. चेंडू माझ्याकडे आलेला होता आणि सगळं घर थांबलं होतं.

"व्हय मामा," मी म्हटलं. "सांगितलंय की. कवाच."

"मंग ठरल्यालंच हाय की तुमा दोघांचं," मामा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. "आमाला कशाला इचारताय?"

ठरलं होतं खरं. तव्यावरच्या त्या भाकरीची एक बाजू भाजून व्हायच्या आत ठरलं होतं.